दुधाला नियम, शेणाला नाही



गाईला दगडी झाली की डॉक्टर येतो, सुई टोचतो, सडात ट्यूब सोडतो आणि घरच्या पुरुषाला बजावून जातो, अमुक दिवस हे दूध डेअरीला घालू नका. ते पाळलं जातं की नाही हे आपल्याला ठाऊक आहेच. पण निदान नियम आहे. दुधातल्या अँटिबायोटिकच्या अंशाला कायद्याने मर्यादा आहे, कारण दूध शहरात जातं. त्याच गाईचं शेण मात्र घरी राहतं. ते बाई उचलते, उघड्या हातांनी. त्याच्या गोवऱ्या थापते, त्यानेच अंगण सारवते, उरलेलं उकिरड्यावर टाकते. भूमिहीन बाई तर दुसऱ्याच्या गोठ्यात हेच काम मजुरीवर करते. या शेणाबद्दल तिला कुणी काही सांगितलं आहे?

जनावराला दिलेलं सगळं औषध अंगात जिरत नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिनसारख्या औषधांचा बराचसा भाग जसाच्या तसा शेण-मूत्रातून बाहेर पडतो. मका, कांद्याची पात, कोबी ही पिकं खतातून असं औषध शोषतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. मात्रा थोडी असते, घाबरून भाजी टाकून देऊ नका. मोठी काळजी जंतूंची आहे. औषधाच्या अंशात वाढलेले जंतू त्या औषधाला जुमानेनासे होतात. मग हाताची जखम चिघळते, बाळंतिणीचा ताप उतरत नाही, आणि दवाखान्यातली नेहमीची गोळी लागू पडत नाही.

सरकारला हे कळत नाही असं नाही. गिधाडं मेली तेव्हा २००६ मध्ये जनावरांच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना कोलिस्टिन देण्यावर बंदी आली. बंदी औषधावर येते. गोठ्यात रोज शेणात हात घालणारी कुठल्याच आदेशात नसते.

उपाय आपल्या आवाक्यातला आहे. शेण नीट कुजवलं, म्हणजे काडीकचरा मिसळून, हवा खेळती ठेवून, ढीग ५५-६० अंशांपर्यंत तापू दिला, तर टेट्रासायक्लिन गटातली औषधं काही आठवड्यांत बरीच नाहीशी होतात. सगळी नाही. सल्फाची काही औषधं प्रयोगांत जवळपास तशीच राहिली, आणि एन्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली चिवट असतात. ओला, दाबलेला उकिरडा मात्र तापतच नाही. ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवा. काढल्यावर हाताला चटका बसला तर ढीग तापला आहे.

आपल्याकडे पुसदच्या पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत आहेच: दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच असं भोकं ठेवलेलं विटांचं टाकं. शेण लागतं फक्त शंभरेक किलो. कृषी खात्याची पत्रकं तिचं कौतुक करतात. पण त्याच पत्रकातला हिशेब बघा. सुमारे दीड टन काडीकचरा, त्याहून थोडी जास्त चाळलेली माती, दीड हजार लिटरच्या आसपास पाणी, आणि टाकं भरायचं एक-दोन दिवसांत. हे सगळं वाहायचं कुणी? पत्रकात ‘शेतकरी’ लिहिलेलं असतं. डोक्यावरची पाटी कुणाची, ते आपण जाणतो.

म्हणून गटांनी कंपोस्टिंग हाती घेताना आधी कामाची वाटणी ठरवावी असं आमचं म्हणणं आहे. टाकं बाईच्या नावावर, माती-पाण्याची वाहतूक बैलगाडीने किंवा पुरुषांच्या खांद्यावर, खत विकलं तर पैसा तिच्या हातात. आणि हातमोजे घेऊन देणं गोठ्याच्या मालकाचं काम, मजूर बाईचं नव्हे.

त्याआधीची गोष्ट अजून सोपी आहे. सुई टोचली की औषधाचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी डॉक्टरकडून बाईने मागून घ्यावी. ती गोठ्याच्या भिंतीला चिकटवावी. तेवढे दिवस त्या गाईचं शेण वेगळं टाकावं, त्याने सारवू नये. दोन-तीन महिन्यांनी चिठ्ठ्या मोजाव्यात. एकाच गाईच्या चार निघाल्या तर डॉक्टरला विचारावं, गोठा कोरडा ठेवून आणि धार काढण्याआधी कास धुऊन यातल्या किती सुया टळल्या असत्या.