‘आई, तुम्ही आता नुसत्या बसा’

जळगावहून अजिंठ्याकडे निघाले की वाटेत वाघूर नदीकाठी पहूर लागते. पेठ आणि कसबे अशी या गावाची दोन अंगे. या गावातील एखादे घर आपण डोळ्यांसमोर आणू. घरातील आजींनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. आमवाताने बोटांचे सांधे सुजतात, पकड सैल झाली आहे. आयुष्यभर कळण्याच्या भाकरी थापलेले हात आता पीठ मळताना दुखतात. एके सकाळी त्यांच्या हातून भरलेली परात निसटते. सून मायेने म्हणते, “आई, तुम्ही आता नुसत्या बसा. फार राबलात.” मुलगाही तेच म्हणतो.

काही महिन्यांनी आजींचे बोलणे कमी होते. भूक मंदावते. खाटेवरून उठताना आधार लागू लागतो. घरातील माणसे म्हणतात, वय झाले.

वयाचा वाटा त्यात असतोच. परंतु सारा दोष वयाचा नसतो. हालचाल थांबली की स्नायूंची ताकद झपाट्याने घटते, सांधे आखडतात आणि तोल सांभाळणे अवघड होते. त्याहून खोल जखम मनाची असते. या घराला आपली गरज उरली नाही, हे कोणी बोलून दाखवत नाही. पण ते कळते. प्रेमापोटी काढून घेतलेले काम कधीकधी माणसाला आजाराहून लवकर अंथरुणाला खिळवते. घरी वृद्धांची सेवा करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानी घ्यावी, म्हणून हा लेख.

या प्रश्नाचा विचार करणारी एक स्वतंत्र वैद्यकीय शाखा आहे. तिला व्यवसायोपचार म्हणतात. येथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. अंघोळ, कपडे घालणे, जेवणे, देवपूजा, स्वयंपाक, नातवंडांना गोष्ट सांगणे, अशा ज्या ज्या कामांनी माणसाचा दिवस भरतो, ते सारे व्यवसाय. आजार पूर्ण बरा होणार नसला, तरी ही कामे शक्य तितकी स्वतःची स्वतः करता यावीत, हे या उपचाराचे उद्दिष्ट. या शाखेचे आपल्या देशातील शिक्षण महाराष्ट्रातच सुरू झाले, ही अभिमानाची गोष्ट. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहानंतर भारतीय झालेल्या कमलाताई निंबकर यांनी 1950 मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्याची पहिली शाळा उघडली. 1952 मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचार संघटनाही त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली.

व्यवसायोपचारतज्ज्ञ प्रथम माणसाला काय जमते ते पाहतो. त्यासाठी 1965 पासून वापरात असलेली बार्थेल मोजपट्टी पुष्कळ ठिकाणी उपयोगात आणतात. जेवण, अंघोळ, कपडे, शौच, खाटेवरून खुर्चीवर येणे, चालणे, जिना चढणे अशा 10 बाबी तपासून 100 पैकी गुण दिले जातात. मात्र गुणांच्या जोडीने तो आणखी एक प्रश्न विचारतो: “कोणते काम तुम्हांला स्वतःला करता यावेसे वाटते?” उपचाराची दिशा या उत्तरावरून ठरते.

आपल्या आजींचे उत्तर ‘भाकरी’ असे आले, तर तज्ज्ञ त्या कामाचे तुकडे पाडतो. पिठाचा डबा उचलणे, मळणे, थापणे, तव्यावर टाकणे, उलटणे. यांतील जड डबा, जोर लावून मळणे आणि तापलेला तवा ही कामे सुनेकडे जातील. थापणे आजींकडे राहील. मात्र भाकरी लहान, बैठक उंच आणि दोन-तीन भाकरींनंतर थोडी विश्रांती. ज्या दिवशी सांधे लाल होऊन गरम लागतील, त्या दिवशी थापणेही नको. त्या दिवशी भरताची चव पाहून मीठ-मिरची किती हवी, हे आजींनी सांगावे. ठरवणे हेही कामच आहे.

अशी वाटणी इतर दीर्घकालीन आजारांतही करता येते.

आमवातात लहान सांध्यांवरचा भार मोठ्या सांध्यांकडे न्यावा. पातेले बोटांनी न उचलता दोन्ही तळहातांवर पेलावे. पिशवी बोटांत न अडकवता कोपराच्या वर घ्यावी. चमच्याच्या किंवा उलथण्याच्या दांड्याला कापडी पट्टी गुंडाळून तो जाड केला की पकडणे सोपे जाते.

दम्याच्या जुनाट विकारात अंघोळ, दाढी, भाजी निवडणे ही कामे बसून करावीत. रोजच्या वस्तू कंबर ते खांदा या उंचीत ठेवाव्यात. जोर लावताना श्वास रोखू नये. ओठांचा चंबू करून तो सावकाश सोडावा. थकल्यावर नव्हे, थकण्यापूर्वी थांबावे.

पक्षाघातानंतर सदरा घालताना अधू हात आधी बाहीत घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. एवढा क्रम जमला तरी अनेकांचे कपड्यांसाठीचे परावलंबन कमी होते. गिळताना ठसका लागत असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून खाण्याचा सराव करू नये.

कंपवातात औषधाचा परिणाम चांगला असलेल्या वेळेत अंघोळीसारखी कामे उरकावीत. दारापाशी पाय अडखळत असतील, तर जमिनीवर रंगीत पट्ट्या आडव्या चिकटवाव्यात. त्या ओलांडण्याच्या नादात पाऊल उचलले जाते. चालत असताना त्यांच्याशी बोलू नये.

स्मृतिभ्रंशात कपडे घालण्याच्या क्रमाने मांडून ठेवावेत आणि एका वेळी एकच सूचना द्यावी. वस्तूंच्या जागा बदलू नयेत.

घरही थोडे बदलावे लागते. जुन्या घरांतील उंच उंबरठा, ओली मोरी आणि रात्रीचा अंधार पडण्याला निमित्त होतात. मोरीत रबरी बूट असलेले स्टूल ठेवावे आणि भिंतीला पक्का दांडा बसवावा. नळ किंवा टॉवेलची दांडी हा आधार नव्हे. खाटेवर बसल्यावर पाऊल जमिनीला पूर्ण टेकेल, एवढीच तिची उंची असावी. शौचालयाच्या वाटेवर रात्री मंद दिवा हवा.

काही साधनांना खर्च येतो. राज्य शासनाने 2024 मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाख रुपयांच्या आत असलेल्या 65 वर्षांवरील नागरिकांना काठी, वॉकर, कमोड खुर्ची, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकरकमी 3,000 रुपयांची तरतूद आहे. सध्याच्या अटींची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. तज्ज्ञाकडे जाताना त्याची राज्य परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे विचारावे. वारंवार शहरात जाणे शक्य नसेल, तर पहिल्याच भेटीत घराच्या मोरीची, खाटेची आणि स्वयंपाकघराची छायाचित्रे मोबाइलमध्ये न्यावीत. तपासणीच्या खोलीतून घर दिसत नसते.

आता एक शब्द सुना-मुलांसाठी. ज्या सदऱ्याची बटणे आपण एका मिनिटात लावतो, त्याला आजोबांना दहा मिनिटे लागतात. शेताची, शाळेची, नोकरीची घाई असलेल्या सकाळी ती दहा मिनिटे फार मोठी वाटतात, हे खरे आहे. म्हणून साऱ्या कामांचा आग्रह धरू नये. दिवसातले एकच काम निवडावे, निवांत वेळेला ठेवावे आणि ते होईपर्यंत आपले हात आवरावेत. चूक झाली तर हसू नये, चिडूही नये. पडण्याचा किंवा भाजण्याचा धोका दिसला तरच पुढे व्हावे. आणि कालपर्यंत जमणारे काम आज अचानक जमेनासे झाले, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो वयाचा दोष न मानता तत्काळ रुग्णालय गाठावे.

वडीलधाऱ्या वाचकांनाही एक विनंती. मदत मागण्यात कमीपणा मानू नये. परंतु जे जमते ते सोडूही नये. “एवढे मला करू दे, तेवढे तू कर,” असे स्पष्ट सांगावे.

पहूरच्या त्या घरात उद्या सकाळी सुनेने मळलेला गोळा आजींच्या पुढ्यात ठेवला, तर पहिली भाकरी कदाचित वेडीवाकडी होईल. ती पानात वाढावी आणि सर्वांनी खावी.