टॉवेलावरचे तोरण



समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत एक रंगीत टॉवेल अंथरलेला आहे, त्यावर सांचीच्या महास्तूपाच्या तोरणाचे छायाचित्र छापलेले आहे, आणि कोणी प्रवासी त्यावर ओल्या अंगाने पहुडला आहे. असे दृश्य तुमच्या दृष्टीस पडले तर मनास काय वाटेल? बहुतेकांना संताप येईल. नुकताच धम्म स्वीकारलेल्या घरात तर तो अधिकच तीव्र असेल, कारण जे नव्याने लाभले ते जपण्याची काळजी मोठी असते. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करू या.

आज कोणत्याही वास्तूचे चित्र कापडावर सहज उमटविता येते. ते प्रथम कागदावर छापतात. मग सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णतेच्या दाबाखाली त्याची शाई वायुरूप होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यांत शिरते. यंत्राला स्तूप आणि सूर्यास्त दोन्ही सारखेच. सांचीचा स्तूप २०१७ पासून दोनशे रुपयांच्या नोटेवरही आहे. ती नोट चांगल्या-वाईट सर्व हातांतून फिरते, म्हणून स्तूप मलिन होत नाही.

आपल्या ग्रंथांची शिकवणही पाहा. कोणी बुद्धाची, धम्माची वा संघाची निंदा केली तरी रागावू नका, त्यात खोटे काय ते दाखवून द्या, असे ब्रह्मजालसुत्तात तथागतांनी भिक्खूंना सांगितले आहे. विनयपिटकात उदेन राजा आनंदास विचारतो, जुन्या चीवरांचे तुम्ही काय करता? आनंद सांगतो: त्यांची आच्छादने करतो, ती विरली की गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवरची अंथरणे, मग पायपुसणी, मग धूळ झाडण्याची फडकी, आणि शेवटी ती चिखलात मळून त्याने जमीन सारवतो. ज्या धम्माने भिक्खूच्या चीवराचेही पायपुसणे होऊ दिले, त्याची प्रतिष्ठा एका टॉवेलाने कशी ढळेल?

तरीही त्या टॉवेलात एक उणीव आहे, आणि ती आपण ओळखली पाहिजे. त्या चित्रात तोरण दिसते. तोरणावरची नावे दिसत नाहीत. सांचीच्या कठड्यांवर आणि फरसबंदीवर शेकडो छोटे लेख कोरलेले आहेत. दक्षिण तोरणावरील लेख सांगतो की तेथील कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंती कारागिरांनी केले. दान देणाऱ्यांत भिक्खू आहेत, भिक्खुणी आहेत, गृहिणी आहेत, आणि एक विणकरही आहे. अशा पुष्कळ लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात हे १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांच्या लक्षात आले. ती ‘दानं’ अशी असावीत, हा त्यांचा तर्क खरा ठरला. त्या एका शब्दाने ब्राह्मी लिपीचे कुलूप उघडले, आणि सम्राट अशोकाचे शिलालेख वाचता येऊ लागले. सम्राटाचा आवाज जगाला पुन्हा ऐकू आला तो सामान्य माणसांच्या दानामुळे!

ज्यांच्या पूर्वजांची नावे कोणत्याही मंदिराच्या दगडावर कोरली गेली नाहीत, त्या आपल्यासाठी याहून मोठी गोष्ट कोणती? सांचीत विणकराचे नाव दगडावर आहे, आणि ते दोन हजार वर्षे टिकले आहे.

म्हणून तो टॉवेल दिसला तर भांडू नका. आपण मात्र तो विकत घेऊन पायाखाली अंथरू नये. इतरांच्या श्रद्धेस अकारण दुखवू नये, एवढा विवेक पुरे. विक्रेत्याने त्यावर नुसते ‘प्राचीन मंदिर’ असे लिहिले असेल, तर हा बौद्ध स्तूप आहे, हे त्यास नम्रपणे पण स्पष्ट शब्दांत सांगा. आणि जमेल तेव्हा मुलाबाळांसह सांचीस जा. तोरणापुढे छायाचित्र अवश्य काढा. मात्र त्याआधी मुलांचे बोट धरून त्यांना कठड्यावरची ती दोन अक्षरे दाखवा, आणि ती कोणी दिली हेही सांगा.