मालिकेतली पट्टी आणि खरी प्लास्टिक सर्जरी

लोणावळ्याचे आणि टीव्हीचे नाते जुने आहे. हिंदी ‘बिग बॉस’ची अनेक पर्वे इथे चित्रित झाली, २०१८ मध्ये मराठी ‘बिग बॉस’चे पहिले पर्वही इथलेच. त्या पडद्यावरचे नितळ चेहरे मावळातल्या वाड्यावस्त्यांवर रोज पाहिले जातात. त्यांच्याबरोबर ‘प्लास्टिक सर्जरी’ची एक समजूतही घराघरात पोचते, आणि ती बरीचशी चुकीची असते.

मालिकांमधले कथानक ठरलेले असते. नायिकेला अपघात होतो, चेहऱ्यावर पट्ट्या बांधल्या जातात आणि त्या सुटतात तेव्हा समोर दुसरीच अभिनेत्री असते. कलाकार बदलायचा असला की ही युक्ती कामी येते. ‘खून भरी माँग’ (१९८८) या चित्रपटात मगरीच्या जबड्यातून वाचलेली नायिका शस्त्रक्रियेनंतर नवऱ्यालाही ओळखू येत नाही. डॉक्टरांनी फक्त पट्टी सोडायची आणि आरसा पुढे करायचा.

प्रत्यक्षात एका माणसाचा दुसरा माणूस होत नाही. नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर सूज पूर्ण उतरायला वर्षही लागू शकते. व्रण मऊ आणि फिकट व्हायलाही साधारण तेवढाच काळ जातो. भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, रक्ताच्या गाठी हे धोके ‘सौंदर्यासाठी’ केलेल्या शस्त्रक्रियेतही टळत नाहीत. चरबी काढणे म्हणजे वजन कमी करण्याचा उपाय नव्हे. मालिकेत हे काहीच दिसत नाही, कारण वाट पाहण्याचे चित्रीकरण कंटाळवाणे असते.

या शास्त्राच्या नावाचा प्लास्टिकच्या पिशवीशी संबंध नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे घडवणे, आकार देणे. त्याच्या इतिहासातले एक मोठे पान पुणे परिसरातलेच आहे. टिपूशी झालेल्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यातला कावसजी नावाचा बैलगाडीवान पकडला गेला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळ एका वीट घडवणाऱ्या जातीतल्या कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून नवे नाक बसवले. ही हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. पुढे १८१४ मध्ये जोसेफ कार्पू या सर्जनने तीच पद्धत लंडनमध्ये वापरली. कपाळाच्या त्वचेचा असा उपयोग आजही केला जातो. गेलेले परत मिळवून देणे, हे या शाखेचे मूळ काम.

टीव्हीमुळे नुकसान होते ते इथेच. ज्यांना या शस्त्रक्रियेची खरी गरज आहे, ते ‘हे नटनट्यांचे, पैसेवाल्यांचे काम’ म्हणून दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. मावळातून द्रुतगती मार्ग जातो, जुना महामार्ग जातो. अपघातात चामडी सोलली जाते, हाड उघडे पडते. स्वयंपाकघरात भाजलेल्या बाईची मान व्रण आखडून छातीकडे ओढली जाते. मुलाची बोटे तळहाताला चिकटतात. ‘आता काय, नशीब’ म्हणून वर्षे जातात. खरे तर असे आखडलेले सांधे शस्त्रक्रियेने मोकळे करता येतात. दुभंगलेला ओठ साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात शिवता येतो. यांपैकी अनेक उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात. दुभंगलेल्या ओठाची बाळे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून उपचारासाठी पाठवली जातात. निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला मात्र अशी मदत नाही.

उलट बाजूही आहे. ‘एका दिवसात कायापालट’ पाहून कुणी स्वस्तातल्या क्लिनिकचा रस्ता धरतो. केसरोपणासारख्या उपचारांसाठी कार्यशाळा किंवा यूट्यूबवरचे शिक्षण पुरेसे नाही, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच बजावले आहे. प्लास्टिक सर्जन व्हायला एमबीबीएसनंतर एमएस आणि मग एमसीएच, असा बहुधा अकरा-बारा वर्षांचा अभ्यास लागतो.

म्हणून आधी तीन गोष्टी विचाराव्यात: शस्त्रक्रिया नेमके कोण करणार आणि त्यांची पदवी कोणती? वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? गुंतागुंत झाली तर भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग आहे का? चांगला सर्जन या प्रश्नांवर चिडत नाही. काय जमेल याबरोबर काय जमणार नाही, हेही तो सांगतो. मालिकेतल्या डॉक्टरच्या तोंडी हे वाक्य सहसा नसते.