आधी डीबगर, मग कॉम्प्युटर

ऑफिसात 'क्वांटम' म्हटलं की पुढचा शब्द ठरलेला: कॉम्प्युटर. एप्रिल २०२३ मध्ये सहा हजार कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर झालं, त्यातलंही लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की आठ वर्षांत ५० ते १००० क्युबिट. त्याच मिशनचं सेन्सिंगचं केंद्र आपल्या पवईला, आयआयटीत आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? माझं विचाराल तर, निदान पुढची काही वर्षं खरं काम तिकडे आहे.

हा सेन्सर हिऱ्याचा. खरं तर हिऱ्यातल्या खोटीचा. एका कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू येऊन बसतो आणि शेजारची जागा रिकामी राहते. आमच्या कामतघरच्या आसपास यंत्रमागावर धागा सुटला की तागा स्वस्तात काढावा लागतो. इथे उलटं, सुटलेल्या धाग्यालाच किंमत! त्या खोटीवर हिरवा लेझर टाकला की ती लाल चमकते. सोबत २.८७ गिगाहर्ट्झची मायक्रोवेव्ह दिली की चमक कमी होते. जवळपास चुंबकीय क्षेत्र असेल तर ही फ्रिक्वेन्सी फुटून दोन होतात, एक वर सरकते, एक खाली. किती सरकली ते मोजा, क्षेत्र किती ते कळलं. बस्स.

आणि हे खोलीच्या तापमानाला चालतं तसंच द्रव हेलियमच्या, म्हणजे उणे २६९ अंशांच्या थंडीतही चालतं. अतिवाहक पदार्थांची खरी मजा त्याच थंडीत. त्यांच्यात चुंबकीय क्षेत्र शिरतं ते बारीक बारीक भोवऱ्यांच्या रूपात. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या आणि कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या गटांनी हिऱ्याचं टोक वापरून असे भोवरे एकेक करून पाहिले.

आता याचा क्युबिटशी संबंध काय? अतिवाहक क्युबिटची चिप थंड करताना हेच भोवरे तिच्यात अडकून बसू शकतात आणि ऊर्जा खातात. म्हणजे बग. तो नेमका कुठे बसलाय हे न पाहता आपण नुसते क्युबिट वाढवत सुटायचं? प्रॉडक्शनला असा कोड टाकला तर मॅनेजर काय म्हणेल ते सांगायला नको :-)

हिरा म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही खरं. क्युबिटची चिप चालते शून्याच्या वर केल्विनच्या शंभराव्या भागाच्या आसपास. तिथे लेझर आणि मायक्रोवेव्हच नमुना तापवतात. म्हणजे ज्याला मोजायचं त्यालाच बिघडवायचं. पण अतिथंडीची विद्या आपल्याकडे नाही असं थोडंच आहे? कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये बिस्मथ ०.०००५३ केल्विनखाली अतिवाहक होतो हे दाखवलं, तेही २०१६ सालीच. (त्यांनी ते हिऱ्याने नाही, दुसऱ्या उपकरणांनी मोजलं.)

थंडी कुलाब्याला, हिरा पवईला. मध्ये लागतो तो पल्स अचूक वेळेवर सोडणारा, गोंगाटातून सिग्नल काढणारा कोड, आणि तो लिहिणारे आपण सगळे ठाणे-ऐरोलीच्या कंपन्यांत तिकिटं क्लोज करत बसलोय. टीसीएसने २०२४ मध्ये आयआयटी मुंबईसोबत हिऱ्याने मायक्रोचिपची तपासणी करणारं यंत्र बनवायचं जाहीर केलं, हे चांगलंच झालं. पण ते मुख्यतः सेमीकंडक्टरच्या चिपसाठी. मिशनच्या पैशातला एक वाटा क्रायोस्टॅटच्या आतल्या हिऱ्याला द्या, आणि लॅबमध्ये कायमची इंजिनिअरची पदं काढा, पीएचडीची अट न घालता. पगार आयटीएवढा नसला तरी अर्ज येतील. निदान एक तरी नक्की येईल.