स्टँड कुणाच्या सोयीसाठी हलवता?

पुण्याचा शिवाजीनगर एसटी स्टँड २०१९ संपता संपता वाकडेवाडीला हलवला. कारण मेट्रोचे दिले. भुयारी स्टेशन बांधायचे आहे, तोवर तात्पुरती सोय, मग परत मूळ जागी. १ ऑगस्ट २०२३ पासून शिवाजीनगरच्या भुयारातून मेट्रो धावू लागली. स्टँड मात्र वाकडेवाडीतच राहिला. ज्या कामासाठी जागा रिकामी करून घेतली ते झाले. ज्यांची जागा होती ते बाहेरच!

मित्रांनो, हा स्टँड कुणाचा होता? नगर, संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेडकडून रात्रभर ताठ बसून पहाटे उतरणाऱ्यांचा. त्यांना ससूनला जायचे असते, जिल्हा न्यायालयात तारखेला उभे राहायचे असते. आपल्या पोरापोरींना बार्टीत, समाजकल्याण आयुक्तालयात कागद घेऊन जायचे असते. शिवाजीनगरला उतरले की रेल्वे स्टेशन शेजारी, कोर्ट पायी. वाकडेवाडीत उतरले की बोचके डोक्यावर, समोर वाहता जुना मुंबई रस्ता आणि मग रिक्षा. मार्च २०२३ पासून बाईला एसटीत अर्धे तिकीट आहे. वाचलेल्या पैशातला बराच भाग हा शेवटचा तुकडाच खातो.

१९०१ साली मसूर स्टेशनवर लहानग्या भीमरावाला जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे दिले, तरी गाडी पोरांनीच हाकली. तिकीट काढले की जात न विचारता सीट देणाऱ्या एसटीची किंमत आम्हाला म्हणूनच ठाऊक आहे.

कोंडी होते म्हणून स्टँड गावाबाहेरच न्या, असे काही शहाणे म्हणतात. चाळीस-पन्नास माणसे नेणारी लालपरी कोंडी करते आणि एकटा माणूस बसलेली मोटार करत नाही, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

खरी गोम जमिनीच्या भावात आहे. मोक्याची जागा दिसली की खाजगी भागीदारी, व्यापारी संकुल, टॉवर. आमचा नव्या इमारतीला विरोध नाही. पण तळमजला आणि दर्शनी बाजू एसटीची असली पाहिजे. दुकानांच्या मागे, तळघरात फलाट चालणार नाहीत. मुक्कामी प्रवाशाला झोपायला जागा, बायकांना स्वच्छ फुकट संडास, पिण्याचे पाणी, हे सारे करारातच लिहा. आणि करार मराठीत स्टँडच्या भिंतीवर लावा, कामाच्या शेवटच्या तारखेसकट.

जय भीम!