साताऱ्याचा ‘दरबार’ आणि उंबरठ्याआतले चर्च

सन 1917 मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या वेतनावर पाणी सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात स्थान होते. परकीय वेशातला, परकीय पैशावर पोसलेला ख्रिस्त या मातीत रुजणार नाही, हे या कोकणी ब्राह्मणाने ओळखले होते. त्यासाठी त्यांना अभंग हवा होता, कीर्तन हवे होते आणि देशी माणसाच्या हाती नेतृत्व हवे होते. दोनच वर्षांत, 1919 मध्ये, त्यांचे निधन झाले आणि दरबाराची उभारणी अपुरी राहिली. टिळकांची श्रद्धा हिंदू समाजाला मान्य होणे शक्य नाही. त्यांचा प्रामाणिकपणा नाकारण्याचे मात्र कारण नाही.

या दरबाराची आठवण आज काढायची ती एका वेगळ्याच कारणासाठी. धर्मांतर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अजूनही गोरा मिशनरी, दगडी चर्च आणि मिशनचे रुग्णालय उभे राहते. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले. सांगली-मिरज रस्त्यावरची वॉन्लेसवाडी त्यांचेच नाव सांगते. वाईलाही मिशनचे रुग्णालय झाले. हजारो रुग्ण बरे होऊन घरी गेले आणि आपापल्या कुलदैवताला नारळ वाहून मोकळे झाले! सव्वाशे वर्षांच्या या खटाटोपानंतरही 2011 च्या जनगणनेत दोन्ही जिल्ह्यांतील ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याच्या आतच राहिली. हा हिशेब मिशनच्या धुरीणांना आपल्याआधी कळला होता.

अमेरिकन बोर्डाचे रूफस अँडरसन 1854-55 मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले. स्थानिक चर्च स्वतःच्या पायावर उभे राहावे, ते स्थानिक माणसानेच चालवावे आणि वाढवावे, हा त्यांचा आग्रह होता. पुढे मध्य प्रांतातील दमोह येथे जन्मलेल्या डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी 1955 मध्ये ‘ब्रिजेस ऑफ गॉड’ हा ग्रंथ लिहून त्याला शास्त्राचे रूप दिले. माणसाला त्याच्या जातीतून, नात्यागोत्यातून उपटून काढू नका. त्या नात्यांचाच पूल करा, असा त्याचा मथितार्थ. जातिभेदावरून हिंदू समाजाला उठता-बसता दूषणे देणाऱ्यांनी जातीलाच धर्मांतराची वाट करावी, हा दुटप्पीपणा नव्हे तर काय?

आफ्रिकेत या पद्धतीचे फळ जगाने पाहिले. बेल्जियन काँगोत सायमन किंबांगू या स्थानिक प्रचारकाने 1921 मध्ये जेमतेम काही महिने उपदेश केला. वसाहती सरकारने त्याला पकडले आणि तीस वर्षांनी, 1951 मध्ये, तो तुरुंगातच वारला. पंथ मात्र घराघरातून वाढतच राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेत सुमारे एक कोटी ख्रिस्ती होते. आज ती संख्या साठ कोटींच्या पुढे गेली आहे. मूळ देवदैवते मागे पडली, ती बहुतांशी त्यांच्याच भाऊबंदांच्या हातून.

आज घरगुती चर्चसाठी स्थानिक पुढारी घडवण्याचे जे प्रशिक्षण जगभर दिले जाते, त्याचे मर्म हेच आहे. इमारत नको, फलक नको, पदवीधर पाद्री नको. दहा-बारा माणसे एका घरात जमवायची आणि त्यांतूनच पुढच्या घरासाठी माणूस तयार करायचा. दगडी चर्चला निदान दार असते, विश्वस्त असतात, हिशेब असतो. उंबरठ्याआतल्या चर्चला जाब कोणी विचारायचा? घरात प्रार्थना करणे हा कोणाही नागरिकाचा हक्क आहे आणि तो अबाधितच राहिला पाहिजे. पण औषध बंद करून प्रार्थनेने दुखणे बरे होईल असे कोणी सांगत असेल, तर तो प्रश्न श्रद्धेचा उरत नाही. जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये झाला. त्यासाठी झगडलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. तो कायदा भोंदू बाबाला लागतो, तसाच चमत्काराचा दावा करणाऱ्या प्रचारकालाही लागला पाहिजे. पुरोगामी मंडळींची जीभ नेमकी येथेच जड का होते?

सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्पष्ट केले आहे की, धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. राज्यात धर्मांतरविरोधी कायदा आणण्याची घोषणा सरकारने 2025 मध्ये केली. बळजबरी आणि प्रलोभन यांना कायद्याने आवर घालता येईल. परंतु पदरी दारुडा नवरा आणि अंथरुणाला खिळलेले मूल असलेल्या बाईच्या घरी दर आठवड्याला येऊन बसणाऱ्या शेजारणीला कोणते कलम लावणार? त्या बाईकडे तिच्या भावकीतले कोणी फिरकले नाही, हा गुन्हा कोणत्या ठाण्यात नोंदवायचा? मॅकगॅव्हरनने पूल बांधला हे खरे, पण ज्यांना आपण पिढ्यान् पिढ्या पाणवठ्यापासून आणि देवळापासून दूर ठेवले, ते पुलापलीकडे गेले तर दोष एकट्या मॅकगॅव्हरनचा नाही.

स्वयंसेवकाला तर ही पद्धत नवी वाटायलाच नको. इमारतीवाचून, माणसागणिक वाढणारे काम म्हणजे काय, हे त्याला शाखेने शिकवले आहे. साताऱ्याच्या मातीतही याचे दाखले आहेत. मसूरचे विनायक महाराज मसूरकर 1928 मध्ये गोव्यात गेले ते भजनी मंडळी घेऊन. गावडे समाजात ते गावोगाव फिरले आणि हजारो माणसे स्वगृही परतली. टिळक वारले त्याच 1919 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात त्यांनी सर्व जातींची मुले एकाच पंगतीला बसवली. त्या पंगतीतल्या पोराला दुसऱ्या कोणाच्या दरबारात जागा शोधावी लागली नाही.

आपल्याकडे आज काय चालते? प्रार्थनेची वार्ता कानी आली की चार तरुण मोटारसायकली काढतात, घोषणा होतात, पोलीस येतात, दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून येते. त्यानंतर त्या घरी कोण जातो? मुलाचे औषध कोण आणतो? गावच्या यात्रेत मानाचे ताट त्या वस्तीवर कधी जाते का? मिरजेच्या स्थानकावर आजही सीमेपलीकडून रुग्ण उतरतात, त्यांचे नातेवाईक रुग्णालयांच्या ओसरीवर रात्री काढतात. त्यांतल्या कोणाला गरम भाकरी मिळाली आणि ती कोणी दिली, हे नगरातल्या किती कार्यकर्त्यांना सांगता येईल?