‘लग्न झालं की जातील’ म्हणणाऱ्यांनो

पंधरा वर्षांच्या मुलीच्या गालांवर लालभडक, दुखऱ्या गाठी उठलेल्या असतात आणि घरातली मोठी माणसं तिला सांगतात, ‘या वयात येतातच, लग्न झालं की जातील.’ हे वाक्य ऐकलं की माझा संताप होतो. मुरमं जातात, खड्डे राहतात. आणि त्यांतले कितीतरी केवळ घरच्यांच्या या बेफिकिरीपायी पडलेले असतात.

केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. वयात येताना संप्रेरकांमुळे ती जास्त तेल सोडू लागते, रंध्राचं तोंड मृत पेशींनी बुजतं, आत जंतू वाढतात, सूज येते. ही सुजलेली पिशवी आतल्या आत फुटली की तिच्यातली घाण त्वचेच्या खालच्या थरात पसरते. तिच्यावर तुटून पडलेल्या पांढऱ्या पेशी जी विकरं सोडतात, ती तिथलं कोलॅजेनही खाऊन टाकतात. झीज भरून निघाली नाही की खड्डा पडतो. प्रमाणाबाहेर भरली की टणक उंचवटा येतो. छाती, खांदे आणि जबड्याच्या कडेला तर त्याचा केलॉइड होऊन तो मूळ जखमेच्याही बाहेर पसरतो. सूज जितकी खोल आणि जितकी जास्त काळ टिकेल, तितका हा धोका वाढतो. तुमच्या ‘जातील गं’मध्ये गेलेला एकेक महिना त्या पोरीच्या चेहऱ्यातून वसूल होतो.

आणि त्या महिन्यांत घरी काय चाललेलं असतं? ‘अंगातली उष्णता आहे’ म्हणून सब्जा, सहाणेवर उगाळलेलं जायफळ, लिंबाचा रस, टूथपेस्ट. आधीच सुजलेली कातडी त्यानं भाजते, काळवंडते. मग पार्लर. तिथे फेशियलच्या नावाखाली गाठी दाबून पू काढतात. दाबलेल्या गाठीतलं थोडं बाहेर येतं आणि उरलेलं आणखी खोल ढकललं जातं. हा चेहऱ्याशी चालवलेला अत्याचार आहे आणि त्यासाठी आपण वर पैसे मोजतो.

सगळ्यात मोठा गुन्हा मात्र औषधाच्या दुकानात होतो. ‘हे लावा, चार दिवसांत फरक पडेल’ म्हणून स्टिरॉइडची ट्यूब हातात ठेवली जाते. फरक पडतो, कारण स्टिरॉइड लाली दाबतं. पुढे कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, केस उगवतात, आणि मलम थांबवलं की मुरमं दुप्पट जोरानं येतात. असे चेहरे इतके वाढले, की त्वचारोगतज्ज्ञांना या अवस्थेला ‘टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस’ असं स्वतंत्र नाव द्यावं लागलं. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये १४ स्टिरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी विकली जातातच. तपासणारे काय करतात?

खड्डे पडून गेल्यावर हेच घर साखरपुड्याच्या महिनाभर आधी जागं होतं. माझ्या भाचीला एका चकचकीत क्लिनिकनं मुरमं चालू असतानाच लेझरचं पॅकेज विकलं. आधी आग विझवायची, मग पडझड बघायची, एवढं साधं शहाणपण तिथल्या कुणाला नव्हतं? शिवाय सगळे खड्डे एका जातीचे नसतात. टोचणीनं भोसकल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यात नेमकं टोकावरून तीव्र टीसीए आम्ल सोडतात. लाटेसारख्या उथळ खड्ड्यांना खालून तंतूंनी खेचून धरलेलं असतं. ते तंतू सुईनं कापावे लागतात, त्याला सबसिजन म्हणतात. रुंद, उभ्या कडांच्या खड्ड्यांना फ्रॅक्शनल लेझर किंवा मायक्रोनीडलिंगचा उपयोग होतो, पण आपल्या सावळ्या कातडीवर लेझरच्या उष्णतेनं काळे डाग पडू शकतात, ही गोष्ट पैसे घेण्याआधी सांगितली पाहिजे. नवं कोलॅजेन तयार व्हायला महिने लागतात. खड्डे बरेच उथळ होतात, पूर्ण पुसले जात नाहीत. ट्यूबमधल्या क्रीमनं खोल खड्डा भरतो असं जो सांगतो, तो खोटं बोलतो.

मुरूम बसल्यावर मागे राहिलेला सपाट तपकिरी डाग हा खड्डा नव्हे. तो काही महिन्यांत फिका होतो, उन्हापासून जपलं तर लवकर. त्यासाठी घाबरून महागडे उपचार घेऊ नका.

सुरुवातीच्या मुरमांवर अॅडापलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड ही परवडणारी औषधं आहेत. खोल गाठींसाठी आयसोट्रेटिनॉइन आहे. गर्भारपणात ते गर्भाला घातक ठरतं, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं. पण ‘गरम पडतं’ म्हणून त्याला नाही म्हणणारी आई स्टिरॉइडची ट्यूब मात्र बेधडक आणते, हे मला सहन होत नाही. मुलाच्या बाबतीत तर ‘पुरुषाला काय फरक पडतो’ म्हणून तेवढीही धावपळ होत नाही. गाठी दुखत असतील, किंवा एक जरी खड्डा पडलेला दिसला, तरी मुलगा असो की मुलगी, याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या.